खांबावरची सोयरीक

आमच्या आणि बाईंच्या घरांमध्ये कुंपण आहे, असं कागदोपत्री म्हणायचं. प्रत्यक्षात चार आंब्याचे खांब, दोन तारा, सासूबाईंच्या काळापासून माजलेली मेंदी आणि मधोमध एक भगदाड. त्या भगदाडातून वाटीभर साखर, कोथिंबिरीची जुडी आणि गावभरच्या बातम्या इकडून तिकडे होतात. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. अख्ख्या गल्लीला त्या नुसत्या 'बाई'.

मागे एका रविवारी आमच्या ह्यांनी कुदळ काढली. दुसरा खांब कुजलाय, त्याला कसलीशी बुरशी धरलीय, उपटून सिमेंटचा बसवतो म्हणाले. निम्मा खांब बाईंचा, म्हणून मी आपलं त्यांच्या कानावर घातलं. तर बाई मेथीचं ताट पायरीवर तसंच टाकून, हातात भिंग घेऊन हजर.

"थांबवा त्यांना. या खांबात केवढा संसार चाललाय, माहितीय का?"

मला वाटलं, मुंगूस व्यालं की काय आत. पण बाई दाखवत होत्या त्या सालीवर चिकटलेल्या नखाएवढ्या पांढुरक्या पंख्यांकडे. कधीपासून आहेत तिथे. पावसाळा आला की दिसतात, उन्हाळ्यात सुकून चुरगळतात. वरून बारीक लव, मांजराच्या कानासारखी. बाईंनी एक पंखा अलगद उलटा केला आणि भिंग माझ्या हातात दिलं. खालच्या बाजूला वहीच्या पानांसारख्या बारीक घड्या, देठाकडून कडेकडे पसरलेल्या, आणि गंमत म्हणजे प्रत्येक पान कडेला उभं चिरलेलं, दुभंगलेलं. "कोरडं पडलं की या दोन्ही फाकळ्या बाहेरच्या बाजूला वळतात आणि आतली नाजूक बाजू झाकून घेतात. पाऊस पडला की पुन्हा उघडतात. महिनोन्‌महिने वाळलेला पंखासुद्धा ओला झाला की कामाला लागतो." नाव सांगितलं स्किझोफायलम कम्यून. चिरलेलं पान, आणि जिकडेतिकडे सापडणारं, एवढाच त्याचा अर्थ. मणिपुरात बाजारात विकत घेऊन खातात म्हणे. आपल्याकडे कुदळ काढतात.

"आता सांगा," बाई म्हणाल्या, "माणसांत स्त्री आणि पुरुष, तसे यांच्यात किती प्रकार असतील?"

"दोन."

"तेवीस हजार."

मी चहा सांडला नाही, पण कप तारेवर टेकवला हे खरं.

एवढं ऐकल्यावर खांब उपटायचा प्रश्नच नव्हता. ह्यांना मी आत पाठवलं. बाईंनी भिंग पुसलं आणि सविस्तर सांगायला घेतलं. एखाद्या घरचं जमत आलेलं लग्न सांगावं, तशा त्या बुरशी सांगतात. मुळात या मंडळींत नर नाही आणि मादीही नाही. कुणी मोठं बीज आणत नाही, कुणी लहान. लाकडात पसरणारे धागे, ते दोन्हीकडचे अगदी सारखे. मुलाकडचे-मुलीकडचे ही भानगडच नसल्यामुळे मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. फक्त पत्रिका बघतात, आणि ती दोन खात्यांत. एक 'अ' खातं, एक 'ब'. जगभरातून गोळा केलेल्या नमुन्यांवरून 'अ'चे साधारण २८८ प्रकार असावेत आणि 'ब'चे ८१, असा हिशेब अमेरिकेतल्या जॉन रेपर यांच्या अभ्यासातून निघाला. या माणसानं हार्वर्डला याच बुरशीच्या पत्रिका जुळवण्यात वर्षानुवर्षं घालवली, १९६६ साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्या पत्नी कार्लीन रेपरही याच बुरशीच्या मागे लागल्या. मी मोबाइलवर गुणाकार केला. २३,३२८.

"आणि जुळतं कधी?"

"'अ'ही वेगळा हवा आणि 'ब'ही वेगळा हवा. एक जरी सारखा निघाला तरी संसार धड उभा राहत नाही."

"म्हणजे सगोत्र चालत नाही!"

"तसंच म्हणा. आता यातली मेख बघा. परक्या ठिकाणचं कुठलंही स्थळ उचललं तरी शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा जुळायला हरकत नाही. पण एकाच पंख्याच्या पोटची भावंडं घेतलीत, तर चारात एकच जुळतं. कारण घरात 'अ'चे दोनच आणि 'ब'चे दोनच प्रकार आलेले असतात."

मला आमच्या मधल्या दिराच्या मुलाचं आठवलं. चार वर्षं स्थळं बघताहेत. वधूवर मेळाव्याला तीनशे पत्रिका आणि त्यातली जुळते ती लांबची आतेबहीण. ही बुरशी बघा, जगात कुठंही जा, शंभरातली अठ्ठ्याण्णव दारं उघडी.

"बरं, जुळलं. मग पुढे?"

इथे बाईंचा आवाज बारीक झाला. गावात काही भानगड असली की होतो तसा. "पुढेच तर खरी गोष्ट आहे. दोन धागे समोरासमोर आले, टोकाला टोक लागलं, मधली भिंत विरघळली आणि दोन पेशी एक झाल्या. आतला सगळा रस एक. तुम्हाला वाटेल, झालं लग्न. पण केंद्रकं एक होत नाहीत. ती दोन तशीच शेजारी शेजारी राहतात."

"एका घरात दोन चुली."

"अगदी. आणि चुली तरी हलत नाहीत. ही केंद्रकं हलतात. इकडची तिकडच्या धाग्यांत जातात, तिकडची इकडे येतात, वाटेतल्या आडव्या भिंती विरघळवत विरघळवत. शेवटी दोन्हीकडच्या प्रत्येक पेशीत एक इकडचं आणि एक तिकडचं अशी जोडी होते. नवी पेशी करायची वेळ आली की दोघंही एकाच वेळी दुभागतात. आणि नव्या पेशीत दोन सख्खीच जाऊन बसू नयेत म्हणून धाग्याच्या कडेला एक छोटी आकडी फुटते. एक केंद्रक त्या आडवाटेनं फिरून पलीकडच्या खोलीत पोचतं. भिंगातून नाही दिसायचं, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. मुलांना दाखवायचे मी. धाग्यावर दर थोड्या अंतरानं पातेल्याच्या कानासारखा एक फुगवटा."

"आणि असं किती दिवस चालतं?"

"दिवस? वर्षं चालू शकतं. तुम्ही ज्याला अळंबी म्हणता, वारुळावरची असो की गवतातली, ती छत्री, तो देठ, सगळं सगळं या मधल्या काळात उभं राहतं. पेशी एक झाल्यात, केंद्रकं अजून नाहीत. फक्त त्या पानांच्या कडेला, गदेसारख्या फुगीर पेशीत, शेवटी ती दोन एक होतात."

"हुश्श!"

"हुश्श कसलं? एक होतात आणि लगेच वाटणी. त्या एकाचे चार होतात, पत्ते पिसावेत तसे दोन्हीकडचे गुण पिसून. चार बीजाणू कडेला टांगतात आणि वाऱ्यावर सोडून देतात. इतका काळ शेजारी राहून एक झाले, आणि एकत्र कुटुंब एका पेशीपुरतं टिकलं."

मला का कोण जाणे, जरा वाईट वाटलं. बाईंना वाटलं नाही. शास्त्र शिकलेल्या माणसांचं एक असतं, त्यांना अशा ठिकाणी गंमत वाटते. वर त्यांनी बाजारातल्या बटण मश्रूमची चहाडीही केली. म्हणे त्याला एवढी वाट बघायचा कंटाळा. बहुतेक बीजाणूंत ते जुळणारी दोन केंद्रकं आधीच भरून पाठवतं. लेक सासरी निघतानाच डब्यात जावई बांधून दिल्यासारखं.

एवढ्यात पलीकडून अण्णा आले. त्यांचा दोन एकर ऊस आहे ओढ्याच्या कडेला. दूध घालून परत जाताना कुंपणाशी थांबायची त्यांची रीतच आहे. पण आज चेहरा उतरलेला.

"काय अण्णा?"

"काय सांगू वैनी, खोडव्याला काणी लागलीया. कालच बगितलं. शेंड्यातनं ह्ये असं काळं चाबूक बाहेर आल्यात." त्यांनी हातानं हवेत एक लांब वाक काढून दाखवला.

बाईंनी भिंग खिशात टाकलं. "हात लावलात का?"

"न्हाय. पर वाऱ्यानं काळा भुगा उडतोय नुसता."

हा चाबूक मी पाहिलाय. उसाच्या शेंड्यातून पान यायच्या जागी काळपट दोरी निघते, खाली वाकलेली. वर रुपेरी पातळ पापुद्रा असतो, तो फाटला की आत काजळीसारखी पूड. लग्नसराईत डोळ्यांत घालायला करायचे ते काजळ बोटाला लागावं, तशी ती पूड कपड्याला लागते आणि जात नाही.

"अण्णा, तुमच्या उसावर कुणी आणली ही, ते सांगू?" बाई म्हणाल्या. "त्या काजळीचा एकेक कण म्हणजे बीजाणू. तो ओलाव्यात रुजतो आणि त्यातून बारीक बारीक पेशी सुटतात. त्या पेशी दोन प्रकारच्या. एकेकट्या असताना अगदी गरीब. उसाच्या डोळ्यावर बसल्या तरी काही करू शकत नाहीत. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एका प्रकारची दुसऱ्या प्रकाराशी गाठ पडली, दोन पेशी एक झाल्या, की त्यातून जो धागा निघतो तो थेट डोळ्यात घुसतो. कोंबाबरोबर आत गुपचूप वाढतो आणि शेवटी शेंड्याचाच चाबूक करतो."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी येकटी गुणाची, आन जोडी जमली की घर बुडवती."

"तसंच."

"आमच्या भावकीत हाईत अशा दोगीजणी."

बाईंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि उपाय सांगितला. चाबूक फाटायच्या आत त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, खालून बांधायची, मगच कापायचा, बेट मुळासकट खणायचं आणि जाळायचं. पुढच्या लागणीला बेणं उष्णप्रक्रिया केलेलं घ्यायचं, आणि या फडाचा खोडवा पुन्हा धरायचा नाही. पिशवी न घालता कापलं तर हातानंच सगळीकडे पेरणी. अण्णांनी मान हलवली. माझ्याकडून साखरेच्या रिकाम्या पिशव्या मागून घेतल्या. मी सोळा दिल्या.

जाता जाता त्यांनी विचारलं, गव्हावरचा तांबेरापण असाच का? बाईंना एवढंच हवं होतं. तांबेऱ्याची सोयरीक म्हणे गव्हावर होतच नाही. त्याला लागतं बार्बेरी नावाचं काटेरी झुडूप. त्याच्या पानावर तांबेरा गोड मधासारखे थेंब काढतो, एका पुळीवर एका प्रकारचे, दुसरीवर दुसऱ्या प्रकारचे, आणि एकीचं दुसरीवर नेऊन पोचवतात माश्या. १९२७ साली कॅनडातल्या क्रेगी नावाच्या शास्त्रज्ञानं हे शोधून काढलं. तोवर त्या थेंबांचं काम काय हे कुणाला उमगत नव्हतं. पण आपल्या देशात तांबेऱ्याला या झुडपाची गरजच पडत नाही. आग्र्याचे प्राध्यापक के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं की तो उन्हाळा डोंगरांवरच्या गव्हावर काढतो आणि थंडीत वाऱ्यानं खाली मैदानात उतरतो. बिनलग्नाचाच पसरतो. आपल्या महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जातो तिथे तांबेऱ्यावरचं संशोधन केंद्र आहे, ते उगाच नाही. अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि "लगीन न करता बी आमचंच नुकसान" म्हणत गेले.

आमच्या सूनबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकत होत्या. त्यांचा पिझ्झाचा बेत होता. वाटीत कोमट पाणी, साखर आणि यीस्टचे दाणे, वर फेस आलेला. तीच वाटी घेऊन आल्या बाहेर. "यांचं पण लग्न चाललंय का हो बाई?"

"छे, या फेसात नाही. खायला-प्यायला भरपूर असलं की यीस्ट नुसतं कडेला फुगवटे काढत वाढतं. उपासमार झाली की मग आठवतं. तेव्हा एका पेशीत चार बीजाणू होतात, दोन 'ए' प्रकाराचे, दोन 'आल्फा' प्रकाराचे. ते बाहेर आले की एकमेकांना वासानं ओळखतात. आल्फाचा निरोप म्हणजे १३ मण्यांची छोटीशी प्रथिनाची माळ. ती 'ए'ला लागली की 'ए' वाढणं थांबवते आणि निरोप ज्या बाजूनं आला त्या बाजूला तोंड काढते. पाय नाहीत ना चालायला! मग पेशीचा आकार होतो नासपतीसारखा. शास्त्रज्ञ त्याला 'श्मू' म्हणतात. १९४८ साली अमेरिकेत अल कॅप नावाच्या व्यंगचित्रकारानं काढलेलं एक गोंडस, ढोबळ जनावर होतं, त्याच्यावरून."

सूनबाईंनी लगेच मोबाइलवर बघितलं. खरंच, पाय फुटलेलं बोळकं.

"यात जोखीम कुठे आहे सांगू?" बाई वाटीत बघत म्हणाल्या. "पेशीच्या आत दाब भरपूर, सायकलच्या ट्यूबसारखा. त्याला आवरून धरते ती बाहेरची भिंत. दोघांना एक व्हायचं तर दोन्हीकडच्या भिंती पाडायला हव्यात, पण अगदी जिथे टेकल्या तेवढ्याच ठिकाणी, आणि टेकल्यावरच. जरा आधी किंवा जरा बाजूला पाडली, की पेशी फुटून मरते. त्यामुळे भिंत खाणारं रसायन नेमकं त्या ठिपक्यावरच सोडतात. आणि यांची केंद्रकं मात्र वाट बघत नाहीत. पेशी एक झाल्या की लगोलग तीही एक."

"आणि जोडीदार मिळालाच नाही तर?"

बाई हसल्या. "तेही करून ठेवलंय. रानातल्या यीस्टमध्ये एकदा पोर होऊन गेलेली पेशी स्वतःचा प्रकार बदलू शकते. 'ए'ची आल्फा. मग आईच्या शेजारी..." पुढचं त्यांनी सूनबाईंकडे बघून गिळलं. मीही विषय बदलला. श्रावण आहे.

बदलला तो टाकीवर. आदल्याच दिवशी एक पोरगा डासांच्या अळ्या तपासायला आला होता, झाकण उघडून तसंच टाकून गेला. पाणी हिरवट झालेलं. बाई म्हणाल्या, हिरव्या पाण्यात बहुधा एकपेशी शेवाळं असतात. त्यातल्या क्लॅमिडोमोनासच्या पेशींना दोन-दोन शेपट्या. अन्न कमी पडलं की प्लस आणि मायनस शेपट्यांनी एकमेकांना पकडतात, भिंती टाकून देतात आणि एक होतात. त्या वेळी पडद्याला पडदा चिकटवणारं एक प्रथिन लागतं. तेच प्रथिन फुलझाडांत लागतं, आणि डासाच्या पोटात मलेरियाच्या जंतूंची गाठ पडते तिथेही लागतं. २०१७ साली त्या प्रथिनाची घडण उलगडली, आणि ती निघाली डेंग्यूच्या विषाणूकडे आपल्या पेशीत घुसायची जी किल्ली आहे तिच्यासारखी. "किल्ली आधी कुणाची, विषाणूची की पेशीची, यावर अजून भांडताहेत. बुरश्यांकडे मात्र ती नाही. त्यांचं कुलूप वेगळं." मी उठून आधी टाकीचं झाकण लावून आले.

खरी गंमत यानंतर झाली. सूनबाईंना चेव आला. घरी हे बघता येईल का, असं विचारलं. बाईंचा चेहरा असा उजळला की निवृत्ती विसरल्या. म्हणाल्या, पावावरची काळ्या ठिपक्यांची बुरशी घ्या. तो पांढरा कापूस आणि त्यावरचे काळे ठिपके, ते सगळं एकट्याचंच वाढणं. पण तिच्यातही प्लस आणि मायनस आहेत. बाहेरून काही फरक नाही, म्हणूनच तर अशी नावं दिली. १९०४ साली ब्लेकस्ली नावाच्या तरुणानं हार्वर्डला हे शोधलं. त्याआधी लोक हैराण होते, या बुरश्यांत काळ्या खरबरीत जोडबिया कधी होतात, कधी होत नाहीत; ओलावा बदलून बघ, अन्न बदलून बघ. ब्लेकस्लीनं सांगितलं, अरे, दोन प्रकार एकत्र आलेच नाहीत तर होतील कशा? दोन्ही एका ताटलीत पेरले की मधोमध, जिथे गाठ पडते तिथे काळी रेघ उमटते. "आणि यांचा निरोप कसा असतो बघा. गाजराला रंग देणारं जे कॅरोटीन, त्यापासून एक आम्ल करतात. पण अर्धी कृती प्लसकडे, अर्धी मायनसकडे. दोघांनी अर्धवट शिजवलेलं एकमेकांकडे पाठवायचं आणि दुसऱ्यानं पुरं करायचं."

म्हणजे आमचंच! भगदाडातून पुरणाचं पातेलं बाईंकडे जातं आणि तिकडून पोळ्या होऊन येतात.

पिशवीतला ब्रेड घेऊ नका, त्याला बुरशी धरू नये म्हणून औषध असतं, बेकरीचा लादीपाव आणा, असं बाईंनी बजावलं. एक पाव आमच्या फडताळात ठेवला, एक त्यांच्या बाथरूमच्या खिडकीत. चौथ्या दिवशी दोन्हीवर कापूस, पाचव्या दिवशी ठिपके. मग बाईंनी काचेच्या झाकणाच्या भांड्यात उकडलेल्या बटाट्याची चकती ठेवली, एका कडेला आमच्या घरची बुरशी टोचली, दुसऱ्या कडेला त्यांच्या. झाकण लावून कडेनं टेप. "उघडायचं नाही. घरभर धूळ उडेल." आणि भांडं ठेवलं आमच्याच देवघराच्या वरच्या फळीवर, कारण त्यांच्याकडे मांजर.

ह्यांनी पेपर बाजूला सारून एकदा भांड्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत.

आठ दिवस झाले. भांडं कापसानं गच्च भरलं. काळी रेघ म्हणाल तर नाही. बाई रोज संध्याकाळी येऊन काचेला डोळा लावून बघतात.

"दोन्ही एकाच प्रकारच्या निघाल्या वाटतं," काल म्हणाल्या. "एवढं जवळचं घर. एकाच बेकरीचा पाव. भावकीच असणार."

"मग आता?"

"लांबची हवी. अण्णांकडे विचारा."

"अण्णांकडे भाकरी असते हो बाई, पाव कुठला!"

"भाकरीवर येते की. शिळी असली म्हणजे झालं."

मी भगदाडातून अण्णांच्या नातवाला हाक मारली. पोरगं आत पळालं. पाच मिनिटांनी आलं ते दोन्ही हातांत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी धरून, आणि मागून त्याची आजी ओरडत, "आरं, ती म्हशीला ठेवली हुती!"